किल्ली कोणाकडे असते?

परळ, मुंबई

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं आणि शाळांनी भरायच्या अर्जाचा सोबतचा नमुनाही. पालिकेच्या ज्या शाळेत तू पहिल्या बाकावर बसून शेजारणीची पेन्सिल कुरतडायचीस, तसल्याच शाळांना आता तू अनुदान वाटणार, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना सांगून झालंय. आता कामाचं.

तू विचारतेस, पालिकेचं बजेट एवढं मोठं, त्यात आमच्या संस्थेच्या चार-पाच लाखांनी काय फरक पडणार? अगं, पालिका इमारत देते, शिक्षकांचे पगार देते, आठ माध्यमांतून शिकवते, गणवेश-दप्तर-बुटांसकट 27 शालोपयोगी वस्तू फुकट देते. त्यात तुम्ही आणखी एखादी वस्तू घातलीत तर 27 च्या 28 होतील, बाकी काही नाही. बजेटात जे बसत नाही ते तुम्ही द्यायचं. म्हणजे काय, ते माझ्याच चुकीवरून सांगते.

मी मुख्याध्यापिका झाले त्या वर्षी एका देणगीदाराने आमच्या शाळेला तीनशे पुस्तकं दिली. फीत कापली, फोटो झाले, आम्ही पोरांना तासभर उन्हात उभं केलं. पाहुणे गेले आणि मी पुस्तकं लोखंडी कपाटात घालून कुलूप लावलं. मीच लावलं, दुसऱ्या कोणी नाही. कारण प्रत्येक पुस्तकाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंच्या वहीत, नोंदीखाली सही माझी. ऑडिटला पुस्तक कमी भरलं तर जाब मला. चौथीतला पोरगा पुस्तक घरी नेणार, धाकटी बहीण त्याची पानं फाडणार, आणि उत्तरं मी देत बसणार? दोन वर्षांनी कपाट उघडलं तेव्हा निम्मी पुस्तकं वाळवीने वाचून संपवली होती.

पुढे जवळपासच्याच एका लहानशा ट्रस्टचे दोन वयस्कर गृहस्थ आले. चहा घेतला, आणि पहिलाच प्रश्न, ‘बाई, कपाटाची किल्ली कोणाकडे असते?’ मी पदराच्या गाठीला हात लावला. ते हसले, आणि मी खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी काय केलं बघ. पुस्तकं आणली ती कागदोपत्री आपल्याच नावावर ठेवली, शाळेला फक्त वापरायला दिली, म्हणजे रजिस्टरचा प्रश्न मिटला. फाटलेल्या-हरवलेल्या पुस्तकांसाठी दरवर्षी वेगळी रक्कम धरली. आणि वस्तीतल्याच एका दहावी शिकलेल्या आईला रोज दोन तासांचं मानधन सुरू केलं. पोरं तिला ‘पुस्तकताई’ म्हणायला लागली. पुस्तकांवर आमटीचे डाग पडू लागले. एक पुस्तक मे महिन्यात कणकवलीला गेलं ते परत आलंच नाही. त्या नोंदीपुढे ‘गावी’ एवढंच लिहायचं ठरलं. खर्च किती? आधीच्या समारंभातला मंडप आणि हार-तुरे धरले तर फार जास्त नसेल.

हे मी नव्याने शोधलेलं नाही. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेने मुंबईत बालसखी नेमल्या होत्या, त्या अशाच वस्तीतल्या मुली होत्या. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन त्या अक्षरओळख नि बेरीज-वजाबाकी पक्की करून घ्यायच्या. मानधन महिना 500 ते 750 रुपये. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत 2001 ते 2003 या काळात त्याची रीतसर तपासणी झाली आणि मुलांचे गुण खरोखर वाढल्याचं दिसलं. तपासणाऱ्यांतल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर ड्युफ्लो यांना पुढे 2019 मध्ये नोबेल मिळालं, म्हणून तुमच्या विश्वस्तांना हे सांगायला बरं पडेल. पण वेतनावरचा खर्च दिसला की विश्वस्त नाक मुरडतात. पंख्यावर नाव रंगवता येतं, ताईवर कसं रंगवणार?

(नाना शंकरशेटांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यातच जागा दिली होती. सनातन्यांची बोलणीही खाल्ली. देणगी द्यायची ती अशी.)

दुसरी गोष्ट वेळेची. मोठ्या कंपन्यांचे समाजकार्यासाठीचे (सीएसआर) पैसे येतात ते 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमाखाली, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के. त्यांचं वर्ष 31 मार्चला संपतं, म्हणून फेब्रुवारीत एकदम धावपळ सुरू होते. आणि शाळेचं वर्ष? जूनमध्ये सुरू होतं. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, मे महिन्यात निम्मी शाळा कोकणात नाहीतर उत्तरेत. मार्चमध्ये आलेल्या पैशांतून फक्त खरेदी होते, शिकवणं होत नाही. कायद्यात ‘चालू प्रकल्प’ दाखवून सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षं पैसे पुरवायची सोय आहे. कंपनीच्या माणसाला त्यासाठी तयार कर. तो कंटाळा करील, कारण कागद वाढतात.

शाळेत गेलीस की इमारत नीट बघ. एकाच इमारतीत सकाळी मराठी, दुपारी हिंदी, वरच्या मजल्यावर उर्दू, आणि तिन्हींचे मुख्याध्यापक वेगवेगळे. एका शाळेच्या नावाने प्रयोगशाळा दिलीस तर बाकीच्या दोघींची पोरं खिडकीतून बघतील आणि पुढची दहा वर्षं किल्लीवरून भांडण चालेल. खोली कोणाची आणि सफाई कोण करणार, हे तिघांना एकत्र बसवून करारातच लिहून घे. पालिकेच्या शिक्षण विभागाची परवानगी आधी, उत्साह नंतर. त्यात महिने जातात, ते वेळापत्रकात धर.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जाऊन बस. शिक्षण हक्क कायद्याने तिथे तीन चतुर्थांश पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. पहिल्या सभेत आया काही बोलणार नाहीत. चहा आला आणि मुख्याध्यापक फोन घ्यायला बाहेर गेले की बोलतील. आमच्याकडे अशाच वेळी एकीने सांगितलं होतं, की मुली दुपारनंतर पाणी पीत नाहीत, संडासाला आतून कडी नाही म्हणून. आम्ही त्या वर्षी संगणकासाठी अर्ज लिहीत होतो.

आता तुझा नमुना. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. ‘अपेक्षित परिणामांची चौकट’ भरायला चार कोष्टकं. अगं, जी बाई सत्तावन्न पोरांचा वर्ग सांभाळून खिचडीचा हिशेब लिहून घरी जाते, ती हे भरील? भरील तो, ज्याच्या ओळखीत असले अर्ज लिहून देणारा कोणी आहे. मग तुमचे पैसे चांगल्या अर्जाला मिळतील, चांगल्या शाळेला मिळतीलच असं नाही. दोन पानं कर. शाळेची जी भाषा असेल त्या भाषेत कर. काय हवंय, कोण करणार, तुम्ही गेल्यावर ते कोण चालवणार, आणि किल्ली कोणाकडे. एवढं विचारलंस तरी पुष्कळ. उरलेलं तू स्वतः शाळेत जाऊन बघायचं.

रविवारी ये. नमुना छापील आण, मोबाईलवर मला दिसत नाही. लाल पेन माझ्याकडे आहे.

तुझी,
बाई