ह्यूगो चावेझ मतदानात कधी हरले होते का?

हो, व्हेनेझुएलाचे अध्यक्ष असताना एकदा हरले: २ डिसेंबर २००७ च्या सार्वमतात. राज्यघटनेची ६९ कलमं बदलायची होती. अध्यक्षपदाची मुदत सहावरून सात वर्षं, कितीही वेळा फेरनिवड, मध्यवर्ती बँकेची स्वायत्तता रद्द. वर सहा तासांच्या कामाच्या दिवसाचं मधाचं बोट. 'नाही'ला साधारण ५१ टक्के मतं पडली. विरोधकांची मतं फारशी वाढली नव्हती. आदल्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत चावेझना सुमारे ७३ लाख मतं होती, या वेळी 'हो'ला जेमतेम ४४ लाख. त्यांचेच लोक घरी बसले, आणि मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मात्र फेरनिवडीची मर्यादा उठवणारं सार्वमत त्यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये पुन्हा घेतलं आणि जिंकलं.