आधी खालचं, मग वरचं

प्रश्न: ताई, पुण्यात राहतो. आमच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता होणारे, सगळे खुश आहेत पण ड्रेनेजची लाइन जुनीच आहे. सोसायटीवाल्यांनी आधी काय मागायचं आणि कुठे?

उत्तर: दादा, बरं झालं आत्ताच विचारलंत, कारण काँक्रीट पडल्यावर पाइपसाठी कटर लावावा लागतो आणि तो पॅच कधीच मूळ रस्त्यासारखा बसत नाही. ड्रेनेज उतारावर वाहतं म्हणून ते सगळ्यात खोल जातं, तेच आधी बदलून घ्या. पावसाळी लाइन वेगळी हवी, ड्रेनेजला जोडू देऊ नका, नाहीतर जुलैत चेंबर उफाळतात. पाण्याची लाइन ड्रेनेजपासून लांब आणि वरच्या लेव्हलला. आणि हे फार महत्त्वाचं, रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप टाकून ठेवायला सांगा, उद्या केबल आली की खोदायला नको!

फुटपाथ मोकळा किमान 1.8 मीटर धरा, रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं मापच आहे ते, दोन व्हीलचेअर एकमेकींशेजारून जायला तेवढा लागतोच.

ड्रेनेजसाठी क्षेत्रीय कार्यालयात सगळ्या सोसायट्यांच्या सह्यांचं पत्र द्या, पोच घ्या. दिवे, बाकं, फुटपाथची डागडुजी अशी छोटी कामं नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या बजेटमध्ये सुचवता येतात, पुण्यात हे 2006 पासून आहे. सोबत हाताने काढलेला गल्लीचा नकाशा जोडा, कुठे पाणी तुंबतं, कुठे आजी-आजोबा अडखळतात ते खुणा करून, मला तर हा नकाशाच सगळ्यात मोलाचा वाटतो.