वेल्समधल्या बोडेलविदन चर्चच्या आवारात सैनिकांच्या कबरींवर 1919 सालच्या तारखा कशा? युद्ध तर 1918 लाच संपलं होतं ना?

तारखा बरोबर आहेत. मलाही आधी वाटलं होतं, दगड खोदणाऱ्याने घोळ घातलाय. आम्ही चेस्टरहून रिलच्या समुद्रावर निघालो होतो. मुलांना भूक लागली म्हणून हायवे सोडला आणि त्या उंच पांढऱ्या चर्चपाशी थांबलो. (नाव 'मार्बल चर्च', पण बाहेरून सगळी चुनखडीच. संगमरवर आत आहे.) डबा राहिला बाजूला, मी मेपलचं पान कोरलेले दगड वाचत फिरत बसले.

पान कॅनडाचं. जवळच किन्मेल पार्क ही लष्करी छावणी होती. 11 नोव्हेंबर 1918 ला तोफा थांबल्या, पण या पोरांना घरी न्यायला जहाजंच मिळेनात. पंधरा हजारांवर माणसं तिथे अडकली. थंडी मरणाची, कोळसा अपुरा, खाण्याचे हाल, पगार थकलेला. त्यात स्पॅनिश फ्लू. फ्रान्सच्या खंदकांतून जिवंत सुटायचं आणि जहाजाची वाट बघता बघता तापाने जायचं! तिथल्या कॅनडियन कबरी बहुतेक या तापाच्याच.

सगळ्या नाहीत मात्र. आपल्या वाटची जहाजं दुसऱ्यांना दिली म्हटल्यावर पोरं भडकली. 4 आणि 5 मार्च 1919 असे दोन दिवस छावणीत दंगल झाली. कँटीन फोडली, बाहेरची दुकानं लुटली, शेवटी गोळ्या चालल्या, त्याही आपल्याच लोकांवर. पाच मेले, त्यातले चौघे इथेच आहेत. एकाच्या दगडावर लिहिलंय की तो किन्मेल पार्कला देशाची अब्रू राखताना मारला गेला. म्हणजे तो दंगल आवरणाऱ्यांतला. आणि दंगलखोर म्हणून मेलेले त्याच आवारात. दंगेखोरांना फाशी दिली, गोळ्या घातल्या असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कोर्टमार्शल होऊन कैद झाली, मृत्युदंड कुणालाच नाही.

आता 'युद्धाची कबर' का म्हणायची? तर या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या हिशेबात पहिलं महायुद्ध 31 ऑगस्ट 1921 पर्यंत चालतं. आपली खडकीची वॉर सिमेट्रीही हीच संस्था सांभाळते. त्या मुदतीत माणूस सैन्यात असताना गेला एवढं पुरतं. गोळीने गेला, तापाने गेला की दंगलीत, हे विचारत नाहीत.

जाणार असाल तर त्या चौघांच्या कबरी ओळखायला सोपं आहे, 5 मार्च 1919 ही तारीख शोधा.