स्टीअरिंग बदलल्यावर हॉर्नचं बटण डॅशबोर्डवर घेतलं, आता त्याला प्लस द्यायचा की अर्थ (बॉडी, म्हणजे बॅटरीचा मायनस)?

अर्थ. गॅरेजवाला बॅटरीतून थेट प्लस आणून बटणातून हॉर्नला द्यायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. तो हॉर्न वाजवून दाखवेल, यात शंका नाही. नका करू.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच: बटणाचं एक टोक बॉडीला, दुसरं टोक स्टीअरिंग कॉलममधून सुटलेल्या हॉर्नच्या वायरला. ती वायर कुठली, हे मल्टीमीटरने कळतं. बटण सुटलेलं असताना तिच्यावर बॉडीच्या संदर्भात १२ व्होल्ट दिसले, तर गाडी अर्थ कापणारी आहे, म्हणजे तिचं बटण अर्थच्या बाजूला असतं. जुन्या गाड्या बहुतेक अशाच. १२ व्होल्ट बंद इग्निशनवर दिसले नाहीत तर चालू करून बघा.

आता खरा मुद्दा. ती वायर रिलेच्या (बारीक करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) कॉइलला जाते की थेट हॉर्नला? पार्किंगचा ५ वॅटचा बल्ब घ्या, एक टोक त्या वायरला, दुसरं बॉडीला लावा. बल्ब पेटला नाही आणि हॉर्न वाजला, तर रिले आहे. कॉइलचा रोध ८०-९० ओहमच्या घरात असतो, त्यातून बल्ब पेटण्याइतका करंट येतच नाही, पण रिले ओढायला तो पुरतो. बल्ब लख्ख पेटला आणि हॉर्न गप्प राहिला, तर रिले नाही, हॉर्नचा सगळा करंट तुमच्या बटणातून जाणार आहे. दोन डिस्क हॉर्न मिळून ८ अँपिअर सहज घेतात. ०.५ चौरस मिलिमीटरच्या ४ मीटर वायरीत तेवढ्याने एक व्होल्टहून जास्त गळतो, शिवाय बटणाचे काँटॅक्ट जळतात ते वेगळंच. हॉर्न घोगरा झाला की लोक त्याच्या मागचा स्क्रू पिळत बसतात. स्क्रूला हात लावण्याआधी हॉर्न वाजत असताना त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. इंजिन बंद असताना ११ च्या खाली आलं, तर दोष वायरिंगचा.

रिले नसेल तर बसवा. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस, १५ अँपिअरच्या फ्यूजमधून, आणि तो फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. लांब लावलात तर मधल्या वायरीला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही. ८७ वरून हॉर्न. ८६ ला त्याच फ्यूजनंतरचा प्लस. ८५ वरून बारीक वायर बटणाला, बटणातून बॉडीला. ३० आणि ८७ ला १.५ चौरस मिलिमीटर, बटणाच्या वायरीला ०.७५ पुरे. पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली ८७ए पिन मोकळी सोडा. हॉर्नला एकच टर्मिनल असेल तर त्याचा अर्थ ब्रॅकेटमधून येतो, तेव्हा ब्रॅकेटखालचा रंग खरवडा. दोन टर्मिनलचा हॉर्न असेल तर जुनी कायमची प्लस वायर काढून टोक बंद करा. एका टर्मिनलला ८७, दुसऱ्याला बॉडी.

प्लस-अर्थ हा वाद आमच्या गॅरेजात जुना आहे. एक ज्येष्ठ वायरमन ठामपणे म्हणतात, "रिले म्हणजे गिऱ्हाइकाला उगाच खर्च. प्लस कापला काय नि अर्थ कापला काय, हॉर्नाला काय कळतंय?" हॉर्नाला कळत नाही, खरं आहे. गाडीला कळतं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका जुन्या महिंद्रा जीपचं स्टीअरिंग कुठेतरी बदललेलं होतं, बटण डॅशबोर्डवर होतं, आणि त्याला बॅटरीतून थेट प्लस, मध्ये फ्यूज नाही. वायर क्लच पेडलशेजारच्या भोकातून ओढलेली, ग्रोमेट (भोकाच्या धारेवरची रबरी कडी) न लावता. पत्र्याच्या धारेने इन्सुलेशन हळूहळू कापलं गेलं आणि तांबं बॉडीला टेकलं. वाटेत फ्यूज नसल्याने बॅटरीचा मिळेल तेवढा करंट त्या वायरीतून गेला. ती वायर हेडलाइट आणि वायपरच्या वायरींबरोबर टेपने बांधलेली होती, म्हणून त्याही वितळल्या. अर्धा हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) नवा करावा लागला. रिलेचे वाचवलेले पैसे किती, आणि हार्नेसचे किती!

तीच वायर, तेच भोक, पण बटण ८५ आणि बॉडीच्या मध्ये असतं तर? वायर पत्र्याला टेकल्यावर हॉर्न वाजत राहिला असता. गावभर ओरडला असता, मालकाने फ्यूज उपटला असता, संपलं. त्या वायरीतून वाहणारा करंट जेमतेम ०.१५ अँपिअर, त्याने काही जळत नाही. आमच्या वायरमनना हे मान्य नाही, पण त्यांनी जोडलेल्या गाड्यांचे फ्यूजसुद्धा ते "अडचण" म्हणून काढतात, तेव्हा सोडा.

गोव्यात आणखी एक भर पडते: समुद्राची खारी हवा आणि वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पीळ घालून टेप गुंडाळलेला जोड मे महिन्यात चिकट होऊन सुटतो आणि ऑगस्टपर्यंत आत हिरवा गंज धरतो. वायरीच्या टोकाला धातूचा लग दाबून बसवा, वर गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वायर नेताना ग्रोमेट लावा आणि इंजिनकडच्या बाजूला वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. रिलेच्या पिना खालच्या बाजूला.

खरं सांगायचं तर डॅशबोर्डवरचं बटणच मला पटत नाही. चोर्ला घाटाच्या वळणावर किंवा दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे असलेल्या गावच्या रस्त्यावर, जिथे हॉर्न हवा तिथेच हात स्टीअरिंगवर हवे असतात. तुमच्या नव्या स्टीअरिंगच्या बॉस किटच्या (स्टीअरिंग कॉलमवर बसवणारा हब) मागे पितळी कडी असेल, कॉलममधला स्प्रिंगचा ब्रश तिच्यावर घासतो. कडीची वायर मधल्या बटणाच्या एका टोकाला, दुसरं टोक हबच्या धातूला. कडीला किंचित ग्रीस. इतकं करूनही हॉर्न स्टीअरिंगच्या ठरावीक कोनातच वाजत असेल, तर बहुतेक वेळा कॉलमला अर्थ मिळत नाही. खालच्या रबर कपलिंगमुळे शाफ्ट बॉडीपासून तुटलेला असतो. कपलिंगच्या दोन बाजू लवचीक वायरीच्या जंपरने जोडा, मग स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत शाफ्ट आणि बॅटरीच्या मायनसमधला रोध मोजा. तो एक ओहमच्या आत स्थिर राहायला हवा. डॅशबोर्डचं बटण ठेवायचंच असेल तर दोन्ही ठेवा, समांतर. दोन्ही त्याच वायरीला बॉडीवर टेकवतात, कुठलंही दाबा.

हे सगळं एअरबॅग नसलेल्या गाड्यांसाठी. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या कारला चालकाची एअरबॅग सक्तीची आहे; अशा गाडीचं स्टीअरिंग बदलूच नका, आणि एअरबॅगच्या वायरीला मल्टीमीटर तर अजिबात लावू नका. स्टीअरिंग उपसण्याआधी बॅटरीचा मायनस काढा, आणि नट पूर्ण न काढता दोन आटे ठेवून ओढा, नाहीतर चाक सुटून तोंडावर येतं. मल्टी-टोन (सूर बदलणारा) हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११९ मध्ये बसत नाही, तो मोह नको.

बटण किती अँपिअरचं, हे तुम्ही विचारलं होतं. रिले असेल तर १ अँपिअरचंही चालतं, फक्त दाबून सोडल्यावर परत येणारं आणि रबरी टोपीचं घ्या. घरच्या बेलचं बटण लावू नका, खाऱ्या हवेत त्याची पत्ती लवकर गंजते.