कथेत गे पात्र खरं वाटेल असं कसं लिहायचं?

तुम्ही विचारलंय की कथेत नायकाचा एक गे मित्र आहे आणि वाचणारे म्हणतात तो खोटा वाटतो. तो गे का झाला याचं कारण कथेत दिलं असेल तर आधी ते काढून टाका.

हे एवढं तावातावाने सांगतोय कारण मी स्वतः गे आहे आणि माझी कथा याच मुद्द्यावरून एका दिवाळी अंकाने परत केली होती. कथेत पुण्यात भाड्याने राहणारे दोघं, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपत आलेलं, घरमालकीण विचारते लग्न कधी करताय, एकाची आई गावाहून मुलींचे बायोडेटा पाठवतेय आणि या दोघांचं भांडण मात्र चाललंय फ्लॅटचं कर्ज कोणाच्या नावावर काढायचं यावरून. संपादकांचा फोन आला, भाषा चांगलीय म्हणाले, पण याला लहानपणी काय झालं होतं ते कुठेच येत नाही, वाचकाला कसं पटणार? मी म्हटलं काहीच झालं नव्हतं. मग म्हणाले शेवटी एकाने लग्न तरी करावं नाहीतर जीव तरी द्यावा, कथेला वजन येईल. मी साफ नाही म्हटलं. पुढच्या वर्षी तीच कथा दुसरीकडे छापून आली, एक ओळ न बदलता. नायकाला बायका का आवडतात हे कुठल्या लेखकाला कधी विचारलंय कोणी?

वजन त्या कर्जातच होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क नाकारला, त्यामुळे घर एकाच्या नावावर असेल आणि तो मृत्युपत्र न करता गेला तर दुसऱ्याला वारस म्हणून काही मिळत नाही, घर नातेवाइकांचं. जॉइंट खातं काढता येतं, नॉमिनी लावता येतो, हे सरकारने स्पष्ट केलं तेही ऑगस्ट २०२४ मध्ये. म्हणून कथेचं वर्ष पक्कं करा. समलिंगी संबंध गुन्हा नाही या २००९ च्या दिल्ली हायकोर्टाच्या निकालानंतर घरी सांगून टाकलेला माणूस, सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला तेव्हा डिसेंबर २०१३ मध्ये परत गुन्हेगार ठरला, तो थेट सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच कोर्टाने ते बदलेपर्यंत. त्या मधल्या वर्षांत तो ऑफिसात वेगळा बोलणार.

दुःख लिहूच नका असं नाही हां. घरच्यांच्या दबावाने लग्न केलेले बरेच जण आहेत, पण मग त्या बायकोलाही नीट लिहा, तिचीही फसवणूकच झालेली असते. आणि हे मी शहरातला गे पुरुष म्हणून बोलतोय, लेस्बियन किंवा ट्रान्स पात्र असेल तर त्यांच्यातल्याच कोणाला तरी वाचायला द्या, माझ्यावर विसंबू नका.

बाकी तुमचा हा मित्र नोकरी काय करतो, घरी पैसे पाठवतो का, कोणाशी भांडतो, यातलं प्रश्नात काहीच नाहीये. फक्त गे आहे एवढंच लिहिलंय. ते ठरवा आधी.