पेल्टियर लावून प्रोसेसर गार होईल?

प्रश्न : टीईसी१-१२७०६ या पेल्टियर मॉड्यूलच्या माहितीत ‘६० वॅट, ६६ अंश फरक’ असं लिहिलं आहे. माझा प्रोसेसर ६५ वॅटचा आहे. जेमतेम का होईना, भागेल ना?

नाही. पेल्टियर मॉड्यूल म्हणजे वीज दिली की एका बाजूची उष्णता ओढून दुसऱ्या बाजूला टाकणारी चपटी पट्टी : एक बाजू थंड, दुसरी गरम. आकडे दोन्ही खरे आहेत, पण ते एकाच वेळी मिळत नाहीत, आणि सगळी गफलत तिथेच होते. ६० वॅट उष्णता ओढली जाते ती दोन्ही बाजूंचं तापमान सारखं असताना, म्हणजे फरक शून्य असताना. ६६ अंशांचा फरक पडतो तो थंड बाजूवर काहीच भार नसताना. मधली परिस्थिती साधारण सरळ रेषेत चालते : ३३ अंशांचा फरक हवा असेल तर ३० वॅट मिळतील. मॉड्यूलच्या नावातच अर्थ आहे. १२७ म्हणजे आतल्या अर्धवाहक जोड्या, ०६ म्हणजे ६ अँपिअर. १२ व्होल्ट गुणिले ६ अँपिअर म्हणजे जवळपास ७० वॅट वीज तो स्वतः खातो, आणि ती सगळी उष्णता होऊन गरम बाजूलाच येते.

आता तुमचं गणित मांडू. समजा तुमचा हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा, दर वॅटमागे खोलीपेक्षा ०.३ अंशांनी तापतो. नुसता हीटसिंक लावला तर ६५ वॅटला तो खोलीपेक्षा २० अंश वर राहील. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये पेल्टियर घातला की त्याच हीटसिंकवर ६५ अधिक ७०, म्हणजे १३५ वॅट पडतात आणि तो ४० अंश वर जातो. शिवाय ६५ वॅट ही मॉड्यूलच्या कमाल क्षमतेच्याही पुढची गोष्ट. त्यामुळे ‘थंड’ बाजू गरम बाजूपेक्षा पाचेक अंशांनी जास्तच तापलेली असेल. म्हणजे प्रोसेसरकडची बाजू खोलीपेक्षा एकूण ४५ अंश वर. दुप्पट वीज जाळून प्रोसेसर २५ अंशांनी जास्त तापवलात.

उष्णता नाहीशी होत नाही. पेल्टियर फक्त हमाल आहे, आणि हमालीही तो भरपूर घेतो.

प्रश्न : मग दोन मॉड्यूल एकावर एक ठेवले तर?

वरच्याला खालच्याने ओढलेली उष्णता तर वाहावी लागेलच, शिवाय खालच्याने खाल्लेली वीजही. सारख्या क्षमतेचे दोन असे रचले तर वरचा लगेच हात टेकतो. म्हणून असे थर बनवताना प्रोसेसरकडचा थर लहान आणि हीटसिंककडचा मोठा ठेवतात. त्यातून मिळतो तापमानाचा मोठा फरक. जास्त वॅट मिळत नाहीत, आणि तुम्हाला तर वॅटच हवे आहेत.

शेजारी-शेजारी अनेक मॉड्यूल लावून कमी करंटवर चालवणं त्यापेक्षा शहाणपणाचं. करंट निम्मा केला तर आतल्या रोधामुळे होणारी उष्णता चौथाईवर येते, ओढण्याचं बळ मात्र निम्मंच घटतं. पण प्रोसेसरच्या डोक्यावर जागा किती असते? पाण्याचा लूप, म्हणजे नळ्यांतून पाणी फिरवून उष्णता दुसरीकडे नेणारी जोडणी, करावा लागतो, आणि एवढा खटाटोप करायचाच तर तेवढ्याच पाण्यावर ते गार करणारा मोठा रेडिएटर लावला तरी काम होतं.

प्रश्न : पाणी साचून मदरबोर्ड जातो म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि त्यासाठी बर्फाइतकं गार व्हावं लागत नाही. खोलीत ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. त्याखाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणार. प्रोसेसर कामात असताना धोका कमी. खरी भीती मशीन रिकामं बसलेलं असताना, कारण तेव्हा भार नसतो आणि मॉड्यूल पूर्ण जोरात खेचत असतो. सॉकेटभोवती फोम आणि ग्रीस भरून ओलावा अडवतात, पण ते काम किचकट आहे.

याची उलटी बाजू कोणी सांगत नाही. मॉड्यूलची वीज गेली की तो उष्णतेच्या वाटेतला अडथळा होतो. त्यातून ढोबळमानाने दर अंश फरकामागे अर्धाच वॅट पार होतो. प्रोसेसर मग स्वतःला वाचवायला वेग पाडतो किंवा बंद पडतो.

प्रश्न : एवढं वाईट असेल तर इंटेलने असा कूलर का आणला?

२०२० मध्ये इंटेलने ‘क्रायो’ नावाने हे तंत्र आणलं. कूलर मास्टर आणि ईके या कंपन्यांनी त्यावर कूलर बनवले. पेल्टियरच्या गरम बाजूला पाण्याचा लूप, आर्द्रता मोजणारा सेन्सर, दवबिंदूवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, असा सगळा लवाजमा होता. हलक्या कामात किंवा प्रोसेसरमधले एक-दोनच कोर (गणित करणारे भाग) पळवताना त्याचा फायदा दिसायचा. सगळे कोर पूर्ण भाराने चालले, प्रोसेसर २०० वॅटच्या पुढे गेला, की मोठा साधा वॉटर कूलर बरोबरीला यायचा. २०२३ मध्ये इंटेलने ते बंद केलं.

पेल्टियर तंत्र मात्र टाकाऊ नाही. फायबर ऑप्टिक्समधले लेझर, दुर्बिणीवरचे कॅमेरे, पीसीआर यंत्रं इथे ते उत्तम चालतं. तिथे भार थोडा असतो आणि तापमान काटेकोर हवं असतं. प्रोसेसरचं नेमकं उलटं आहे.

प्रश्न : प्रोसेसरच्या उष्णतेवर याच मॉड्यूलने वीज करून पंखा फिरवता येईल का?

तत्त्व बरोबर आहे, तापमानाच्या फरकातून वीज मिळते हे १८२१ पासून झीबेक परिणाम म्हणून माहीत आहे. व्हॉयेजर यानं त्यावरच चालतात, पण तिथे एका बाजूला प्लुटोनियमची धग आहे. तुमच्याकडे ८० आणि ४० अंश धरले तर उष्णतेची वीज करण्याची निसर्गाची कमाल मर्यादाच ११ टक्के, आणि प्रत्यक्षात हाती लागतील दोनेक टक्के. तेही ४० अंशांचा फरक टिकला तर, म्हणजे मॉड्यूल उष्णता अडवून प्रोसेसरला तापवत राहिला तर. तो काढून घ्या. पंख्याला लागणारी वीज मदरबोर्डवरच्या चार पिनांतून मिळते.