आवडत्या बँडने आपला साऊंडच बदलला तर चाहत्याने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बारा वर्षं जीव लावून ऐकलेल्या बँडने नव्या अल्बममध्ये गिटार जवळपास बाजूलाच ठेवली, सगळीकडे सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आणि मऊ आवाज. तीनदा प्रयत्न करूनही ऐकवत नाही, आणि कुणापाशी नावं ठेवली की नंतर अपराधी वाटतं. मित्र म्हणतात, खरा फॅन असशील तर साथ दे. शो तोंडावर आलाय, तिकीट काढावं की नाही, हेही विचारलंय.

आधी अपराधीपणाचं बोलते. अल्बम आवडला नाही म्हणून तुमचं बारा वर्षांचं ऐकणं खोटं ठरत नाही. हे मी अंगावरून गेलंय म्हणून सांगतेय. माझ्या बाबतीत तो बँड अमेरिकेतला लिंकिन पार्क होता.

‘हायब्रिड थिअरी’ 2000 साली आला, ‘मिटिओरा’ 2003 साली. दोन्ही साधारण 37 मिनिटांचे, म्हणजे पाठोपाठ ऐकले तर सव्वा तास. तो सव्वा तास मी शाळा-कॉलेजच्या वयात किती वेळा घालवला असेल, याची गणतीच नाही. माइक शिनोडाचं रॅप चालू असायचं, मागे जो हानचं स्क्रॅचिंग, म्हणजे तबकडी घासून काढलेले आवाज, मग निमिषभर सगळं थांबल्यासारखं व्हायचं आणि चेस्टर बेनिंग्टनचा आवाज फाटत वर यायचा. त्या निमिषभराच्या थांब्याला मी हेडफोनमध्ये श्वास रोखून धरायचे. घरात कुणाशी बोलता येत नव्हतं अशा कितीतरी गोष्टी त्या फाटलेल्या आवाजाने माझ्या वतीने बोलून टाकल्या.

म्हणून 2007 मध्ये निर्माता रिक रुबिनबरोबर केलेला तिसरा अल्बम आला आणि त्यात रॅप कमी, संथ गाणी जास्त निघाली, तेव्हा आम्ही सगळेच बिथरलो. त्यातल्या एका गाण्यात चेस्टरने सतरा सेकंद सलग स्क्रीम धरलेली आहे. आम्ही तेवढ्या सतरा सेकंदांनाच धरून बसलो, बाकीचा अल्बम कुणी नीट ऐकलाच नाही. 2010 चा ‘अ थाउजंड सन्स’ तर अगदीच वेगळा: इलेक्ट्रॉनिक, अणुयुद्धाच्या छायेतला, मध्येच अणुबॉम्बवाल्या शास्त्रज्ञ ओपेनहायमरचा आवाज. मी तो दोन वर्षं बाजूला ठेवला होता. आज त्यांचा सगळ्यात जवळचा अल्बम कुठला असं विचारलं तर मी त्याचंच नाव घेते. 2014 मध्ये ते पुन्हा जोरदार गिटारकडे वळले, आम्ही सुखावलो. आणि 19 मे 2017 ला ‘वन मोअर लाइट’ आला. सरळ पॉप. गिटारची धार गेलेली, आवाज गुळगुळीत केलेला.

मी त्याच रात्री मैत्रिणीला लांबलचक मेसेज केला. गाणी एकसारखी वाटतात, ड्रम्स जिवंत वाटत नाहीत, शब्द ढोबळ आहेत, असं बरंच काही. आणि शेवटी लिहिलं, ‘हे विकले गेले.’

दोन महिन्यांनी, 20 जुलैला, चेस्टर गेला.

तो मेसेज मी नंतर पुन्हा उघडून वाचला. ड्रम्सबद्दल, शब्दांबद्दल जे लिहिलं होतं त्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. तो माझ्या कानांचा कौल होता आणि तो मी प्रामाणिकपणे दिला होता. टोचतं ते शेवटचं वाक्य. गाणं कसं वाटलं हे मला ठाऊक होतं, पण त्यांनी ते का केलं हे मला कुठे ठाऊक होतं? त्या अल्बमचं शीर्षकगीत रेकॉर्ड कंपनीतल्या त्यांच्या एका मैत्रिणीच्या मृत्यूनंतर लिहिलेलं आहे. अल्बम यायच्या आदल्या दिवशी चेस्टरचा मित्र, गायक क्रिस कॉर्नेल वारला, तेव्हा टीव्हीवर ठरलेलं गाणं सोडून त्यांनी हेच गाणं त्याच्यासाठी म्हटलं. तो कार्यक्रम पाहा. आवाज अजिबात गुळगुळीत नाही, जागोजागी अडकतो. ‘विकले गेले’ म्हणताना मी हे काही पाहिलं नव्हतं.

तुम्हाला अपराधी नेमकं कशाने वाटतं ते एकदा तपासा. ‘हे मला आवडलं नाही’ एवढंच म्हणत असाल तर खुशाल म्हणा, मान वर करून म्हणा. ‘पैशासाठी केलं’, ‘संपले’, ‘आम्हाला फसवलं’ असं तोंडून जात असेल, तर मनाला जे लागतंय ते त्याचंच असेल.

हेतूबद्दल माणसं किती चुकू शकतात याचं गायक-गिटारवादक नील यंगइतकं ठसठशीत उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. 1982 मध्ये त्याने ‘ट्रान्स’ काढला. गिटार आणि त्या कातर आवाजासाठी ओळखला जाणारा माणूस व्होकोडर या आवाज बदलणाऱ्या यंत्रातून रोबोसारखा गायला लागला. चाहते चक्रावले. पुढच्याच वर्षी त्याच्या रेकॉर्ड कंपनीने, तू तुझ्यासारखं संगीत देत नाहीस म्हणून, त्याच्यावर चक्क दावा ठोकला. नंतर त्याने सांगितलं की त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, मुलगा बोलू शकत नव्हता, आणि पोचू पाहणारा पण न कळणारा आवाज हाच त्या अल्बमचा विषय होता. हे कळल्यावर मी ‘ट्रान्स’ पुन्हा लावला. संगीत म्हणून तो आजही मला फारसा भिडत नाही. पण ‘काय वेडेपणा केलाय’ असं आता तोंडातून निघत नाही.

बदलाची कारणं बहुतेकदा इतकी मोठी नसतातही. तीच वीस गाणी वर्षभर गावोगाव वाजवून माणूस कंटाळतो. विशीत फाडलेला गळा चाळिशीत तसाच साथ देईल असं नाही. कधी नुसतं वाद्य बदलतं: आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश बँडच्या अ‍ॅलेक्स टर्नरला तिसाव्या वाढदिवसाला पियानो भेट मिळाला, तो गिटारऐवजी पियानोवर बसून गाणी रचू लागला, आणि 2018 चा अल्बम त्यातून निघाला. 2013 च्या त्यांच्या गिटारच्या रिफवर नाचलेल्यांना तो एखाद्या रिकाम्या हॉटेलातल्या गायकासारखा वाटला. रेडिओहेड या ब्रिटिश बँडचं तर सगळ्यांना माहीत आहे. ‘ओके कम्प्युटर’च्या दौऱ्यानंतर त्यांचा गायक थॉम यॉर्क इतका थकला होता की गिटारच्या गाण्यांवरून त्याचं मनच उडालं. 2000 साली ‘किड ए’ आला तो सिंथ, ड्रम मशीन आणि ओन्द मार्तेनो नावाचं एक जुनं विजेवरचं वाद्य घेऊन. एकही सिंगल काढलं नाही. तेव्हा नाकं मुरडली गेली, आणि आज तोच त्यांचा सर्वोत्तम म्हणणारे ढिगाने आहेत.

याचा अर्थ तुमचा अल्बमही वीस वर्षांनी थोर ठरेल असं मी म्हणत नाही. काही अल्बम खरंच फसतात. मेटॅलिकाच्या 2003 च्या अल्बममधला तो डब्यासारखा वाजणारा स्नेअर ड्रम इतक्या वर्षांनंतरही बहुतेकांना खटकतो, मलाही.

पण कानाला सवय लागायला वेळ लागतो हे मात्र खरं. रॉबर्ट झायोंत्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती जास्त आवडू लागते. आता तुमच्या बँडचं बघा. जुनी गाणी तुम्ही शेकडो वेळा ऐकलीत, नवी तीनदा. शिवाय ऐकताना कान जुन्याच जागा शोधत असतात: इथे गिटार यायला हवी, इथे आवाज चढायला हवा. ती येत नाही आणि दर वेळी काहीतरी हरवल्याची ठेच लागते. पहिल्या काही वेळांत आपण नवा अल्बम ऐकतच नसतो, जुन्याची गैरहजेरी ऐकत असतो. माझं ‘अ थाउजंड सन्स’बाबत अगदी असंच झालं होतं. तो मला लागला कधी, तर महिनाभर लिंकिन पार्कचं काहीच ऐकलं नव्हतं तेव्हा. एका लांबच्या प्रवासात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत लावला, मध्ये एकही गाणं न वगळता. तो गाण्यांचा संच नाहीच, एक सलग रचना आहे, हे तेव्हा कळलं. मी इतके दिवस त्यातली ‘जड’ गाणी वेचून काढायच्या नादात होते.

तेव्हा माझं ऐकाल तर थोडे दिवस जुनं बंद ठेवा. मग नवा अल्बम रात्री दिवे घालवून, चांगल्या हेडफोनवर, क्रम न बदलता एकदा ऐका, आठवड्याने पुन्हा एकदा. तरीही नाही भिडला तर सोडून द्या. मन मारून आवडवून घेण्यात अर्थ नाही. चेस्टर गेल्यावर मी तसं करून पाहिलं होतं. रोज ‘वन मोअर लाइट’ लावायचे, जणू काही प्रायश्चित्त. दहातली दोन गाणी मनात राहिली, बाकीची नाही राहिली. आता ते मी स्वतःशी मान्य केलंय.

मित्रांच्या ‘खरा फॅन’वाल्या बोलण्याचं काय करायचं? त्यांना 17 मे 1966 ची मँचेस्टरची रात्र सांगा. लोकसंगीतासाठी ओळखला जाणारा बॉब डिलन पहिल्या भागात एकटा गिटार घेऊन गायला, लोकांनी शांतपणे ऐकलं. दुसऱ्या भागात तो इलेक्ट्रिक बँड घेऊन आला आणि प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, ‘ज्यूडस!’ म्हणजे विश्वासघातकी. ही हाक मी ऐकते तेव्हा मला त्या माणसाचा राग येत नाही. ज्याला काही देणंघेणं नाही तो इतका दुखावून ओरडत नाही. तोही खराच फॅन होता. आणि त्याच सभागृहात जे कान टवकारून ऐकत राहिले, तेही. तुम्ही आणि तुमचे मित्र एकाच अल्बमबद्दल दोन टोकांना असाल तर त्यात कुणाचं प्रेम कमी-जास्त ठरत नाही.

राहिलं तिकीट. काढा. स्टुडिओत बदललेला बँड मंचावर तेवढा बदललेला असेलच असं नाही. ओपेथ या स्वीडिश मेटल बँडने 2011 पासून अनेक वर्षं नव्या अल्बममध्ये ग्राउल (घशातून गुरगुरत गाणं) वापरला नाही, पण मंचावर जुनी गाणी त्याच ग्राउलने होत राहिली. आणि कधी कधी जुनं गाणंच नवं होऊन भेटतं. चेस्टरबरोबरच्या लिंकिन पार्कच्या शेवटच्या, 2017 च्या दौऱ्यात, ज्या गाण्यात चेस्टरचा आवाज सगळ्यात जास्त फाटायचा, तेच ‘क्रॉलिंग’ ते नुसत्या पियानोवर करत. त्या दौऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच वर्षाअखेरीस निघालं. ना गिटारचं खरखरीत डिस्टॉर्शन, ना स्क्रीम. चेस्टर अगदी हळू गातो आणि समोरची माणसं त्याच्याबरोबर गातात. पंधरा-सोळा वर्षं ते गाणं ऐकूनही त्याची चाल इतकी हळवी आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आवाजाच्या त्या भिंतीमागे ती झाकलेली होती. ज्या मऊपणावर मी चिडले होते, तो तिथे पहिल्यापासून होता.

मी त्या दौऱ्यातल्या एकाही शोला गेले नाही. रागात होते, आणि पुढच्या वेळी बघू असं वाटलं होतं. तुम्ही जा. नवी गाणी सुरू झाली की बाहेर पाणी प्यायला निघू नका, जागेवरच थांबा. गाणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत ती ऐका, आणि घरी आल्यावर ती कशी वाटली ते इथे कळवा. नाहीच आवडली तर तसंच लिहा.